लिंडीचा मुराळी

पासपोर्ट आले, व्हिसा आला, नागपंचमीच्या आठवड्यातली तिकिटं निघाली, आणि मग भुवनेश्वरीबाईंनी जाहीर केलं, "म्या न्हाय येत."

सिद्धारामचा अर्धा चहा बशीत सांडला. उमरग्याच्या हायवेवर ट्रकचे पार्ट विकणारा हा गडी उन्हाळाभर टांझानियाच्या नकाशात डोकं खुपसून बसला होता. तिथं समुद्रकाठी लिंडी नावाचं गाव आहे. त्याच्या आईचे, म्हणजे भुवनेश्वरीबाईंचे, वडील तिथल्या घायपाताच्या मळ्यावर कोठी सांभाळायचे. आई जन्मली तिथंच. लहानपणी काकाबरोबर बोटीनं इकडं आली आणि लग्न होऊन उमरग्याचीच झाली. आईवडील तिकडंच राहिले, तिकडंच गेले. त्यांच्या समाधीवर एकदा विभूती लावायची म्हणून तर एवढा खटाटोप चालला होता. सून शिवलीलेनं प्रवासासाठी कडक भाकरीची चवडसुद्धा बांधून ठेवली होती.

"का गं अव्वा? आता काय झालं?"

"मुराळी आल्याबिगर लेक माहेरला जाती व्हय? न बोलवता जायला म्या काय बेवारशी हाय?"

"आता तिथं कोण उरलंय मुराळी धाडायला?" सिद्धाराम बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. भुवनेश्वरीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

शिवलीलेला स्वतःचा भाऊ आठवला. तिला न्यायला दर पंचमीला तो परंड्याहून मुराळी म्हणून यायचा. सासू त्याच्या पायांवर पाणी घालायची, पोळ्या वाढायची आणि बस वळणाआड जाईस्तोवर दारात उभी राहायची. सून टळली म्हणून सासू खूश होत असेल, असंच इतकी वर्षं शिवलीला धरून चालली होती. तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसदारानं बाहेर पडली. डोक्यावर नवऱ्याची पांढरी टोपी, काखेत पिशवी. घराला वळसा घालून तिनं पुढच्या दाराची कडी वाजवली.

"हाय का कुणी घरात? लिंडीचा मुराळी आलाय!"

सासरे बंडप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शरणार्थ, दाजी!" शिवलीला म्हणाली.

सुनेनं दाजी म्हटल्यावर दुसरा एखादा सासरा खवळला असता. बंडप्पांनी मात्र पेपराची घडी घातली. "या पाव्हणं, बसा. अरे सिद्ध्या, पाव्हण्यांच्या पायावर पाणी घाल."

सिद्धारामनं तांब्या आणला आणि हसू दाबत बायकोच्या पायांवर पाणी ओतलं.

"आमच्या अक्काला पंचमीला धाडताव का, दाजी?"

"घरात कामं लई हायती," बंडप्पा रिवाजाप्रमाणं कुरकुरले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पण न्या. कधीच कुणी आलं न्हाय हो तिला न्यायला."

भुवनेश्वरीबाई दारात येऊन उभ्या होत्या. हसतील किंवा चार शिव्या घालतील, असं शिवलीलेला वाटलं. त्या पुढं आल्या, टोपीकडं पाहिलं आणि तिच्या खांद्यावर मूठ आपटत रडायला लागल्या.

"इतका उशीर का केलास रे? दर पंचमीला वाट बघितली म्या. दर पंचमीला!"

शिवलीलेनं टोपी काढली नाही.

"चुकलं, अक्का," ती म्हणाली. "चल आता."