गोष्टीला हुंकार

लाडकीने जुन्या लुगड्याचं टोक खिळ्याला बांधलं आणि गाठ मुद्दाम सैल ठेवली. पडदा मध्येच सुटून पडला तर बाईंचं तोंड मुलांना दिसेल, एवढाच तिचा बेत होता. पण दमयंतीबाईंची नजर तिखट. त्यांनी लुगडं जरा ओढून पाहिलं आणि गाठ सुटली.

"अगं लाडकी, राहू दे ती गाठ. तूच टोक धरून उभी राहा."

"चुलीवर लापशी हाय, बाई."

"उतरवून ठेव. दहा मिनिटांनी काय बिघडतंय?"

लाडकीने पातेलं उतरवलं आणि पडद्यामागे येऊन उभी राहिली. आपल्याच हाताने तिने आपली वाट बंद करून घेतली होती.

शहाऐंशी सालची बेटेगावची ही बालवाडी म्हणजे शहाबादी फरशीची एक खोली, एकवीस मुलं, पाम गावाहून रोज येणाऱ्या दमयंतीबाई आणि लापशी रांधणारी लाडकी. पोरांनी बोलतं व्हावं म्हणून बाई जीव टाकायच्या. ओठ सुटावेत म्हणून तळहातावरच्या भाताच्या तुसावर फुंकर मारायला लावायच्या, कोंबड्या-बकऱ्यांचे आवाज काढायला लावायच्या आणि मग गोष्ट सांगायच्या. गोष्टीला सगळ्यांनी हूं द्यायचा, असा नियम. हूं आला नाही की गोष्टीतला खेकडा पाय वर करून तिथेच थांबायचा.

लाडकीची सोमी साडेचार वर्षांची. प, ब, म ती झकास म्हणायची, कारण ते बाईंच्या ओठांवर दिसायचे. क आणि ग मात्र काही केल्या यायचे नाहीत. लाजते जरा, असं बाई म्हणायच्या. हूं द्यायला ती कधी चुकली नव्हती, कारण बाईंच्या पाठीमागे चुलीपाशी बसलेली लाडकी वेळेवर मान हलवायची. सोमीला ऐकू येत नाही, हे लाडकीला दोन वर्षांपासून माहीत होतं. दिराच्या लग्नात कानाशी ढोल बडवत होते आणि पोरगी तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. ही गोष्ट तिने कोणालाच, अगदी नवऱ्यालाही, सांगितली नव्हती.

सांगणार तरी कशी? मासवणला तिच्या मावशीचा नातू तसाच होता. त्याला मुंबईला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं. दिवाळीला आला तो बुटांसकट ओट्यावर बसून राहिला, आईने भरवलेला घास त्याने घेतला नाही, आणि चौथ्या दिवशी हसत हसत परत गेला. पोराचं भलं झालं, असं सगळे म्हणाले. लाडकीने मात्र त्या आईचं तोंड पाहिलं होतं.

आज बाईंच्या टेबलावर एक कागद होता. ज्या मुलांचं बोलणं मागे आहे त्यांची नावं दुपारी द्यायची होती. पालघरला डॉक्टर त्यांना तपासणार होते. आणि नेमका आजच बाईंनी शिबिरात शिकलेला बाहुल्यांचा खेळ काढला होता. कोण हूं देतं आणि कोण नाही, हे त्या पडद्यामागून कान देऊन ऐकणार होत्या.

त्यांनी दोन्ही हातांत मोज्यांच्या बाहुल्या चढवल्या आणि हात पडद्याच्या वर काढले.

"एक होता खेकडा. त्याचं बीळ हरवलं."

"हूं," पोरं म्हणाली.

एवढ्या आवाजांत लाडकीने सोमीचा आवाज शोधला आणि तो तिला सापडला. जरा लांबट, नाकातला. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदाही आला, अगदी वेळेवर. क्षणभर तिला वाटलं, पोरीचे कान उघडले.

तिने लुगड्याच्या कडेने हळूच डोकावून पाहिलं. सोमीशेजारी शेजारघरची मंगळी बसली होती. तिचा हात सोमीच्या गुडघ्यावर होता. हूं द्यायची वेळ आली की मंगळी बाहुल्यांवरची नजर न काढता तो गुडघा दाबत होती. इतक्या सवयीने दाबत होती की हे आजचं नव्हतं, हे लाडकीला कळून चुकलं.

वाचलो, असं तिला वाटलं. आणि मग तिने सोमीकडे नीट पाहिलं. बाकीची पोरं खेकड्याची फजिती बघून खिदळत होती. सोमीने एकदाही मान वर केली नाही. चुकायला नको म्हणून ती मंगळीच्या हातावर डोळे लावून बसली होती, खालचा ओठ दाताखाली धरून. चुलीपाशी बसल्यावर लाडकीला रोज जो धाक वाटायचा, तोच त्या एवढ्याशा तोंडावर होता. तो आपणच तिला लावला, हे लाडकीला कळलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

गोष्ट संपली. बाहुल्या मुलांच्या हातात देऊन बाई टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी तीन नावं लिहिली.

"सोमीचंही घालणार होते," त्या म्हणाल्या. "पण आज तोंड दिसत नसतानाही किती छान हूं देत होती. तिची काळजी नको करू तू."

लाडकीने चुलीपाशी जाऊन मोठी परात उचलली, मुलांच्या मागून चालत सोमीच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि परात फरशीवर सोडून दिली.

वीस पोरं एकदम दचकली. चिंतू तर रडायलाच लागला. सोमी मोज्याच्या बाहुलीचा बटणाचा डोळा बोटाने फिरवून बघत होती, ती तशीच बघत राहिली. थोड्या वेळाने सगळ्यांची तोंडं मागे वळलेली दिसली तेव्हा तीही वळली. तिने परात उचलली आणि आईला दिली. अशी कशी पाडलीस, अशा अर्थाने तिने मानही हलवली.

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं होतं.

"कधीपासून, लाडकी?"

"गोवर आला तवापासून." तिने पदराने तोंड पुसलं. "नाव लिवा, बाई. आन तिकडं ठेवून घेतील तं किती दिस, तेवढं ईचारा."

बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी नाव लिहिलं. सोमी टेबलाची कड धरून, टाचा उंचावून, कागदावर काय चाललंय ते बघत होती.