पोपटी जर्सी

सोमेश्वरची पोपटी जर्सी घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. दुर्गाबाईने तिला गोठ्यातली खुंटी नेमून दिली होती. सायकलवाले अंगाला चिकटलेला जो टी-शर्ट घालतात त्याला जर्सी म्हणतात, एवढं लेकाने आईला समजावलं होतं, पण वासाबद्दल तो तरी काय समजावणार? जुन्या जालन्यातून स्वस्तात उचललेलं ते कापड घाम सोडायलाच तयार नसे. साबण झाला, रिठा झाला, लिंबू झालं. धुऊन, कडक उन्हात वाळवून पुन्हा अंगात घातली की फाट्यापर्यंत जाईस्तोवर जुना वास हजर.

"म्हैस नाक फेंदारून राह्यली," दुर्गाबाई म्हणायची. "तिच्या तरी जिवाचा इचार कर."

सोमेश्वर जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होता, तिथेच खोली करून राहायचा. एकट्या पोराने मोबाइलात डोकं घालून बसण्यापेक्षा सायकल बरी, असं म्हणून सुरुवातीला दुर्गाबाईनेच त्याची बाजू घेतली होती. रविवारी पहाटे निघून तो सायकलवर गावी, वाटूरला, यायचा आणि घामाने निथळत मुद्दाम आईला खेटून ओसरीत बसायचा. ती पदर नाकाला लावायची, तो आणखी सरकायचा. बाप, इंद्रभान, वर्तमानपत्राआडून "आधी आंघोळ कर" म्हणायचा, आणि तेवढ्यावर तो खेळ संपायचा.

जालन्यात त्याचा सायकलवाल्यांचा गट होता. डॉक्टर, कापडवाले, बँकवाले. शनिवारी ही मंडळी राजूरच्या गणपतीपर्यंत जाऊन यायची. बहुतेकांच्या अंगावर एकाच परदेशी कंपनीची जर्सी. दिसायला अगदी साधी, फक्त डाव्या बाहीवर बोटभर पांढरी पट्टी. ती पट्टी ज्याच्या बाहीवर तो फोटोत मध्ये, बाकीचे आपोआप कडेला. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, तरी पोपटी रंगातला सोमेश्वर दर फोटोत कडेलाच उभा दिसायचा. दुर्गाबाईला ते मोबाइलवर पाहून लागलं होतं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी तो तसल्याच पट्टीची निळी जर्सी घालून आला.

"केवढ्याची?" दुर्गाबाईने विचारलं.

"सोळाशे."

"बनेलचे सोळाशे?" तिने कापड चिमटीत धरून पाहिलं. "आन् ही तर लोकर हाये. मे महिन्यात लोकर घालून फिरून राह्यला, डोकं ठिकाणावर हाये का तुझं?"

"बारीक लोकर असती माय ही. हिला वास येत न्हाई. चार दिवस धुऊ नको, तरी बिलकुल न्हाई. तुझ्या नाकासाठी घेतली."

हे खोटं होतं. नाकासाठी नाही, फोटोसाठी घेतली होती. ते त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. पण त्याने घामाने ओली झालेली बाही तिच्या तोंडापुढे धरली. "घे बरं वास."

तिने भीत भीत घेतला. खरंच काही नव्हतं.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "बिलकुल न्हाई."

त्या कबुलीवर पोरगा असा खूश झाला, जणू आईने नाही, सरकारने शिक्का मारला. पुढच्या शनिवारच्या फोटोत तो मधोमध होता. गेले सोळाशे तर गेले, आपलं पोरगं मध्ये तर आलं, असं दुर्गाबाईला वाटलं. वाटूरला मात्र तो पुढेही पोपटीच घालून येत राहिला. भारीची जर्सी रस्त्याच्या धुळीत कशाला खराब करायची, आणि आईपुढे कुठे फोटो काढायचे होते?

आश्विनातल्या एका रविवारी तो असाच आला. संध्याकाळी पाऊस लागला म्हणून सायकल आणि जर्सी गोठ्यात ठेवून एसटीने परत गेला. दोन दिवसांनी ताप. डेंग्यू निघाला. इकडच्या दवाखान्यातून तिकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पेशी उतरतच राहिल्या, आणि पुढचा रविवार उजाडायच्या आत सोमेश्वर गेला. त्यांना तो एकच होता.

ते तेरा दिवस दुर्गाबाई भिंतीला टेकून बसली. घर धाकट्या जावेने, दैवशालाने, सांभाळलं. सुतक फेडायचं म्हणून चादरी, गोधड्या, उशांचे अभ्रे सगळं धुऊन निघालं. तेराव्याला सोमेश्वरचे कपडे वाटायला काढले. जालन्याच्या खोलीवरून आलेली बॅगही तेव्हाच उघडली. त्याच्या गटातला राधेश्याम, जुन्या जालन्यातला कापडाचा व्यापारी, भेटायला आला होता. ढिगातली निळी जर्सी त्याने लगेच ओळखली.

"काकू, ही देऊ नका. सोळा हजारांची आहे. त्याची आठवण म्हणून जपून ठेवा."

सोळा हजार म्हटल्यावर बसलेल्या बायका वाकून बघू लागल्या; आईला त्याने सोळाशेच सांगितले होते. दैवशालाने जर्सी अलगद उचलून, घडी घालून कपाटात ठेवली. मग गोठ्यात जाऊन पोपटी दोन बोटांत धरून आणली. "अक्का, हिचं काय करू?"

दुर्गाबाईने वर न बघताच हात हलवला. देऊन टाक. रखमाजी धनगराची मेंढरं त्या दिवसांत खतासाठी इंद्रभानच्या शेतात बसली होती. इतर शर्ट-पँटींबरोबर पोपटी जर्सीही त्यालाच मिळाली.

हळूहळू पाहुणे पांगले. थंडी पडली. एका दुपारी घरात कुणी नसताना दुर्गाबाईने कपाट उघडलं आणि निळ्या जर्सीत तोंड खुपसलं.

काही नाही.

तिने काखेचा भाग नाकाशी धरला. पाठ धरली. पाठीवर वाळलेल्या घामाची पांढरट रेघ होती, म्हणजे शेवटच्या शनिवारी त्याने घातलेली, न धुतलेली होती. तरी डांबरगोळीखेरीज कशाचाच वास नव्हता. कंपनीने जे सांगितलं होतं ते शब्दाला जागून केलं होतं. त्या कधी न पाहिलेल्या कंपनीचा तिला राग आला. मग तिने उशी हुंगली, गोधडी हुंगली, त्याचा टॉवेल हुंगला. सगळीकडे साबण.

तेव्हा तिला खुंटी आठवली. ती पळत गोठ्यात गेली. खुंटी रिकामी होती, आणि ती कुणाच्या सांगण्यावरून रिकामी झाली हेही मग आठवलं.

इंद्रभान आल्यावर ती म्हणाली, "रखमाजीकडं चला. पोपटी आणायची हाये."

"तेराव्याचं दिलेलं परत मागत असत्यात का?"

"मागत न्हाई. ही देते आन् ती घेते."

"सोळा हजारांची देऊन ती आणती? ती तर तू घरात येऊ देत नव्हती."

"हिच्यात सोमेश्वर न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "तिच्यात हाये. मी किती धुतली, तरी निघाला नव्हता."

इंद्रभानने मोटारसायकलची चावी घेतली.

रखमाजीची मेंढरं मंठ्याच्या रस्त्याला एका मोकळ्या रानात होती. लांबूनच बाभळीखाली पोपटी रंग हलताना दिसला. इंद्रभान बांधावरच थांबला. ती एकटी पुढे गेली.

तिने सगळं सांगितलं नाही. ही घे, ती दे, एवढंच म्हणाली. रखमाजीने हातातली निळी जर्सी उलटीसुलटी करून पाहिली आणि बायकोकडे, सोनूबाईकडे, पाहिलं.

"बदला कशाचा, बाई?" सोनूबाई म्हणाली. "तुमचंच हाये. काढा हो ते."

रखमाजीने जर्सी काढली, झटकली, आदबीने तिच्या हातात दिली. दुर्गाबाई ती नाकाशी नेणार, तेवढ्यात सोनूबाई कौतुकाने सांगू लागली.

"लई वास व्हता बघा आधी. कुत्रं बी जवळ येत नव्हतं. म्हटलं, गेलेल्या लेकराचा घाम हाये, तो असा परक्याच्या अंगाला लावून घ्यावा का? त्याच्या मायला काय वाटंल? मंग चुलीची राख घातली, सोडा घातला, आन् तीनदा उकळली. तवा कुठं सुटला. तवर ह्यान्ला हात लावू दिला न्हाई."

दुर्गाबाईने जर्सी तोंडावर धरली. धूर होता, तंबाखू होती, मेंढरं होती. तिने शिवणीत नाक घातलं, गळ्याच्या पट्टीत घातलं. उन्हात पिकलेला, लिंबानेही न हटलेला, तिने नावं ठेवून ठेवून गोठ्यात हाकललेला तो वास कुठेच नव्हता.

"येतो का आजून?" सोनूबाईने काळजीने विचारलं.

"न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "बिलकुल न्हाई."

एवढं बोलून ती तिथेच मातीत बसली आणि रडली. दवाखान्यात रडली नव्हती, तेराव्याला रडली नव्हती, तेवढं रडली. लेकाचं कापड पाहून माऊलीला भरून आलं, असं सोनूबाईला वाटलं. तिने तांब्याभर पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. या बाईने मन लावून चांगलंच केलं होतं, तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

थोड्या वेळाने दुर्गाबाईने डोळे पुसले. पोपटी जर्सी रखमाजीला परत दिली. तो उघडा, थंडीत हातांची घडी घालून उभा होता.

"घाल," ती म्हणाली. "आन् ही निळी बी राहू दे. लोकरीची हाये, रातच्याला ऊब लागंल."

"बाई, एवढं भारी कापड," सोनूबाई संकोचून म्हणाली. "ही कशानं धुवायची, तेवढं सांगा."

दुर्गाबाई चार पावलं पुढे गेली होती. ती वळली.

"नको धुवू," ती म्हणाली. "तिच्यात कुणी राहत न्हाई."