अक्कानं दिलेलं बेणं

खर्र... खर्र... बांबूच्या कामटीनं रताळ्याची जळकी साल खरवडल्याचा आवाज आला आणि डुकरांच्या आडोशाला निजलेली कोपामे धडपडून उठली. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदाच अक्का तिच्याआधी चुलीशी बसली होती.

"निजा, राणीसाहेब," अक्का म्हणाली. "आज माहेरवाशीण निघाली ना आमची!"

कोपामे नुसती हसली. आज अक्काचं काहीही गोड लागणार होतं.

तिचं गाव वर, दोन दिवसांच्या चढणीवर. गेल्या साली तिथं हिम पडलं आणि रताळ्यांचे वेल मुळापर्यंत काळे पडून सडले. नवरा घर राखत मागं राहिला. पाच वर्षांच्या आलिताला घेऊन ती खाली थोरल्या बहिणीकडं आली, ती फक्त लावायला वेलाचं बेणं मागायला. बेणं नाही तर बाग नाही, आणि बागेशिवाय त्या डोंगरात बाईला घर नाही.

"देते की," अक्का म्हणाली होती. "आधी माझे ढीग लावून दे."

कोपामेनं गवत वाहून आणलं, रचलं, वर माती ओढली. आत गवत कुजतं, ऊब धरतं, तेव्हा कुठं त्या गारठ्यात रताळं पोसतं. साठ ढीग झाले. मग अक्का म्हणाली, वेल पसरू देत. मग म्हणाली, काढणी होऊ दे. चांगली रताळी अक्काच्या घरात, किडकी डुकरांना. एकदा आलितानं डुकरापुढचं एक उचललं.

"ठेव ते," अक्का म्हणाली. "डुक्कर पोसलं तर उद्या कामाला येतं."

आलितानं ते पुसून परत ठेवलं होतं.

आज अक्कानं केळीच्या पानांत घट्ट बांधलेलं गाठोडं पुढं केलं. कोपामेनं ते लेकरासारखं छातीशी धरलं.

"गाठोडं ऊन लागतंय गं, अक्का."

"गारठू नये म्हणून चुलीपाशी ठेवलं होतं. का? सोडून बघायचंय?"

कोपामेनं जीभ चावली. दिलेलं गाठोडं देणारीच्या दारात सोडणं म्हणजे तिला चोर म्हणणं. एवढ्यावरून सख्ख्या भावांनी कुऱ्हाडी उपसलेल्या तिनं पाहिल्या होत्या.

"छे गं, असं काय बोलतेस!"

"जा मग. येशीलच परत."

किती माया, असं वाटून कोपामेचे डोळे भरले.

बाळाला निजवायच्या जाळीच्या झोळीत गाठोडं घालून, झोळीचा बंद कपाळाला लावून ती चढली. प्रत्येक ओढ्यावर थांबून पानांवर पाणी शिंपडलं. आलिता दमून रडली, तरी तिला कडेवर घेतलं नाही. गाठोडं दबलं असतं.

वर गावात नवऱ्यानं जमीन खणून ठेवली होती. कोपामेनं पहिला ढीग रचला. थंडी पायथ्याशी साचते म्हणून माथ्यावर बोटानं भोकं पाडली. मग गुडघ्यांवर बसून गाठ सोडली.

आंबूस, उकडल्या पाल्याचा वास आला. पानं तपकिरी, लगदा झालेली. तिनं एक वेल उचलला, तर साल हातात निसटून आली. दुसरा. तिसरा. तळापर्यंत.

आलितानं एक देठ दोन बोटांत दाबून पाहिला.

"आई, हे तर शिजवलंय," ती म्हणाली. "आपल्याला लावायचं होतं, ते मावशीला ठाऊक नव्हतं का गं?"