सहा एमएमचा तळ

मी एक जुना खण आहे, मित्रांनो. खडकीतल्या एका लेथच्या वर्कशॉपमध्ये, हत्यारांच्या कपाटात माझी जागा आहे. वय आठ वर्षं. त्यातली शेवटची तीन मी जीव मुठीत धरून काढली आहेत.

मला बजरंग सुतारांनी घडवलं. माझ्या बाजू बारा एमएम प्लायच्या. तळही बाराचाच हवा, असं त्यांचं मत होतं. "इथे लोखंड राहणार, रणजितराव. सहाचा तळ टिकायचा नाही," ते म्हणाले. पण वर्कशॉपचे मालक रणजितराव जन्माचे काटकसरी. कपाटाची पाठ करून सहाचा तुकडा उरला होता. "वाया कशाला घालवायचा? तळ कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी तोच बसवायला लावला.

सुरुवातीला काही बिघडलं नाही. माझ्यात व्हर्निअर, मोजपट्ट्या आणि नटबोल्टचे डबे असत. "कसा अलगद सरकतो बघा," असं रणजितराव आल्यागेल्याला सांगत, आणि मला भारी अभिमान वाटे.

मग त्यांना मधुमेह जडला, नजर अधू झाली, आणि त्यांची मुलगी पूर्णिमा लेथवर उभी राहिली. एके दिवशी तिने दहा किलोंचा चक, म्हणजे लेथवर काम घट्ट धरून ठेवणारी पोलादी पकड, माझ्यात तेवढ्यापुरता ठेवला. ते 'तेवढ्यापुरतं' तीन वर्षं चाललं. माझा तळ खाली झुकला आणि मधोमध चिरला.

रणजितराव रोज स्टूल घेऊन माझ्यासमोर बसतात, मला पुढे ओढतात आणि चाचपडत नटबोल्ट निवडतात. त्यांचे पाय तेव्हा बरोबर माझ्याखाली असतात. त्या पायांना नुसतं खरचटलं तरी जखम दोन-दोन महिने भरत नाही. आज तळ सुटणार, असं मला रोज वाटे. मी करकरून सांगत होतो. पूर्णिमाने ते ऐकलं आणि मी ज्यांवर सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांना, म्हणजे चॅनलला, तेल सोडलं. मग मला आवाजही उरला नाही.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेसाठी मला रिकामं करतात. आता तरी कोणी तळाचा कागद उचलेल, अशी आशा वाटे. पण पूर्णिमा दरवर्षी जुन्या वर्तमानपत्रावरच नवं अंथरी.

यंदा हळदकुंकू लावायला रणजितरावांनी आत हात घातला. त्यांचा तळवा कागदावरून फिरला आणि मध्येच थांबला.

"पूर्णिमा, कागद काढ सगळे."

"अहो बाबा, आत्ताच घातलाय."

"काढ म्हणतो ना."

तिने कागद उचलले, आणि खाली चीर दिसली.

"बजरंग बारा म्हणत होता. मीच ऐकलं नाही," रणजितराव म्हणाले.

"बोलावते त्यांना. पण आज हत्याराला हात लावायचा नाही, उद्या दसरा. परवा बघू."

रणजितरावांनी खडू मागितला आणि माझ्या दर्शनी फळीवर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: 'यात जड ठेवू नये. खाली माझे पाय असतात.'

मित्रांनो, त्याला महिना झाला. परवा अजून उजाडलेला नाही. खडू पुसून गेला आहे. आज सकाळी एका गिऱ्हाइकाच्या घाईत पूर्णिमाने चक पुन्हा माझ्यातच ठेवला, आणि रणजितरावांना ते ठाऊक नाही. तुमच्याकडचा एखादा खण करकरला, तर तेल सोडण्याआधी त्याचा कागद उचलून बघा. आणि चीर दिसली, तर त्याच दिवशी तळ बदला. रणजितराव चार वाजता येतात. आत्ता पावणेचार झाले आहेत.