गादीखालची ओळ

मी अमडापूरची लाल मिनीबाईक. उंची कमरेएवढी, चाकं परातीएवढी, आणि आवाज असा की अख्खी गल्ली जागी. लोक मला बघून आधी हसतात, मग विचारतात, चालते का? चालते ना, मस्त चालते. पण मागच्या रविवारी माझ्यासमोर टेम्पो उभा होता, मला घेऊन जायला. असली घाबरले मी! का ते सांगते, पण पहिल्यापासून सांगायला लागेल.

कारखान्यातलं काही फार आठवत नाही. ऐंशीच्या दशकातली मी. पहिले मालक सुधाकरराव, चिखलीला सरकारी कचेरीत कारकून. माणूस उंच, मी बुटकी. ते बसले की गुडघे हँडलच्या बाहेर. त्यांची बायको शैलजाबाई दारातून म्हणायच्या, "तुम्ही गाडीवर बसलाय की गाडी तुमच्यावर?" पण दसऱ्याला झेंडूचा हार घालून, हळदकुंकू लावून माझी पूजा त्याच करायच्या.

चार वर्षांत सुधाकररावांची पाठ धरली. मला विकायचं ठरलं आणि गिऱ्हाईक मिळालं भाऊराव. अमडापूरचे, मलेरिया खात्यात. गावोगाव फिरून तापाच्या माणसाच्या बोटातून रक्त घ्यायचं, काचपट्टीवर लावायचं आणि त्या घराच्या भिंतीवर तारीख लिहायची, हे त्यांचं काम. सगळं पायी. त्यांना मी हवीच होते. त्यांनी पूर्ण पैसे एकदम आणून दिले.

मग सुधाकरराव इकडंतिकडं बघत म्हणाले, "भाऊराव, नाव तेवढं बदलू नका. कागद घरी येतील. आईला चालायचं नाही हो. दसऱ्याला पूजलेली गाडी कुणाच्या घरी गेली म्हणून..."

'कुणाच्या' म्हणजे कुठल्या जातीच्या, ते भाऊरावांना कळलं. मलासुद्धा कळलं, आणि मी तर नुसती गाडी.

"मग घरी काय सांगसान?" त्यांनी विचारलं.

"चोरीला गेली म्हणून सांगतो. तुम्ही कुणाला बोलू नका. मी चिठ्ठी लिहून देतो."

भाऊरावांनी चिठ्ठी घेतली, गाडीचं नोंदणीचं पुस्तक घेतलं, आणि शब्द दिला.

तो शब्द त्यांनी पाळला, अगदी नको एवढा. त्याच दिवशी चिखलीत एका गादीवाल्याकडून पुस्तक आणि चिठ्ठी मेणकापडात गुंडाळून माझ्या गादीत शिवून घेतली. बायकोलाही सांगितलं नाही. पुढची वीस वर्षं ते त्या कागदांवर बसून फिरले. आमचा आवाज आला की पोरं कणगीमागे लपायची, "सुई आली, सुई आली" करत. आणि हाताची सवय ती सवय! माझी दुरुस्ती केली की भाऊराव गादी उचलून खालच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं तारीख लिहायचे. खाली 'भा.' एवढीच सही.

आठ वर्षांपूर्वी ते गेले. मी गोठ्यात पडून राहिले, अंगावर कडब्याचा भुसा.

मग त्यांची नात धम्मशीला पुण्याहून सुट्टीला आली. नोकरी तिकडं, पण जीव माझ्यात. तिनं मला धुतलं, घासलं, गादी न काढताच रंग दिला, कार्बोरेटर साफ केला, आणि फोटो काढून इंटरनेटवर टाकला. नंबर स्पष्ट दिसत होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला:

'ही माझ्या बाबांची गाडी आहे. शहाऐंशीला चोरीला गेली होती. रविवारी येतोय. कागद असतील तर दाखवा, नसतील तर मी पोलिसांत जाईन. शंतनु.'

धम्मशीलानं तो वाचून दाखवला. जनकाबाई, म्हणजे तिची आजी, सूप बाजूला ठेवून उठल्या.

"चोरीची? माह्या नवऱ्यानं चोरली म्हणते तो?"

"आजी, तसं नाही म्हणत तो. कागद मागतोय."

"तसंच म्हणून राह्यला. काढ ते पेटी."

पेटी उपसली, कपाट उपसलं, पंचशीलाच्या तसबिरीमागचा कोनाडासुद्धा पाहिला. मी अंगणात उभी. अहो, माझ्या गादीत आहे, फाडा ना! पण ओरडू कशी? मला आवाज फक्त किक मारल्यावर येतो.

आणि शनिवारी काय झालं, ऐका. धम्मशीलानं आधीच नवीन गादी सांगून ठेवली होती. चिखलीचे पंजाबराव ती घेऊन हजर. तिचं लक्ष फोनवर, पुण्यात कुण्या वकील मैत्रिणीशी बोलणं चाललेलं. पंजाबरावांनी दोन नट काढले, नवी गादी बसवली.

"जुनी घेऊन जातो वो, फोम कामाचा हाय."

"घेऊन जा, दादा," ती म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.

माझे कागद त्यांच्या स्कूटरच्या मागं दोरीनं बांधून निघून गेले. रात्रभर मी नुसती उभी.

रविवारी अकराला टेम्पो आला. शंतनु पंचेचाळिशीचा, पुण्याचा, बोलायला एकदम सभ्य. "आजी, मला वाद नाही घालायचा. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची तेवढी आठवण म्हणून..."

"अन् माह्या माणसाची आठवण काय, चोर म्हणून ठेवू?"

शंतनुकडे विम्याचा एक जुना कागद होता. त्यावरचा चेसिस नंबर जुळतो का ते पाहायचं होतं. माझा नंबर गादीखाली. त्यानं पाना मागितला, नट काढले, फडक्यानं धूळ पुसली आणि कागद ठेवून वर पेन्सिल घासायला लागला. नंबर उमटला. जुळला.

"बघा," तो म्हणाला. "आमचीच."

धम्मशीलाचा चेहरा उतरला. टेम्पोवाल्यानं फळी खाली टाकली. तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या पत्र्यावर गेलं. तारखाच तारखा. आजोबांचं गावातल्या भिंतींवरचं अक्षर. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'पुस्तक गादीत. भा.'

"थांबा," ती म्हणाली. "फळी काढा ती." आणि फोन लावला. "पंजाबराव दादा, कालची गादी कुठं आहे?"

"उकलून राह्यलो न आता."

"कापू नका!"

"आतमधी कायतरी कडक लागलं पोरी. मले वाटलं पुठ्ठा हाय. फेकलं तिकडं."

"कुठं फेकलं?"

"थांब, पाह्यतो." मग खुडबूड. मग बराच वेळ काहीच नाही. फोन स्पीकरवर, आणि अंगणात सगळे त्या फोनकडे बघत उभे. शंतनुसुद्धा. "हाव. सापडलं. मेणकापडात हाय कायतरी. येतो घेऊन."

पाऊण तास लागला त्यांना. चहा झाला, कुणीच धड प्याला नाही.

मेणकापड जनकाबाईंनी स्वतः उलगडलं आणि चिठ्ठी शंतनुच्या हातात दिली. "वाच. मोठ्यानं वाच."

तो वाचायला लागला. "माझी मिनीबाईक मी भाऊराव यांस पूर्ण किंमत घेऊन राजीखुशीने विकली आहे. घरच्या अडचणीमुळे नाव बदलता येत नाही..." मग त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "अक्षर बाबांचंच आहे."

"कोणती अडचण?" जनकाबाई म्हणाल्या.

त्यानं चिठ्ठीची घडी घातली. त्याला कळलं होतं.

"तुह्या मायले फोन लाव."

"आजी, आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तिला आता..."

"मी बी तेवढीच हाय. लाव."

त्यानं लावला, सगळं सांगितलं. पलीकडून शैलजाबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे दे."

जनकाबाईंनी फोन कानाला लावला. तिकडून काय बोलणं आलं ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकलं ते एवढंच: "हो... आठ वर्षं झाले... नाही, त्याईनं मलेबी नाही सांगतलं... हाव. गाडी बरी हाय. लाल हाय अजून."

टेम्पो रिकामा गेला. शंतनुनं वारस म्हणून लागतील त्या सह्या करायचं कबूल केलंय. परवाच पहिला फॉर्म पोस्टानं आला. आरटीओत अजून किती चकरा, माहीत नाही. तोवर मला रस्त्यावर न्यायची नाही, असं धम्मशीला सांगून गेलीय. मी अंगणात उभी असते, नव्या गादीवर जुनी चादर पांघरून.

जाण्याआधी तिनं गादी उचलून पत्र्यावर त्या रविवारची तारीख लिहिली. खाली नुसतं 'भा.' नाही लिहिलं. भाऊराव, असं पूर्ण लिहिलं.

माझं एक ऐकाल? गाडी विकाल तेव्हा नावही देऊन टाका हो. गादीत शिवून ठेवायला लावू नका कुणाला.