खुर्चीचे पाच वाटेकरी

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही, पण चाकाची खुर्ची होती. पाच घरांनी मिळून घेतलेली. कुणाचं दुखणंखुपणं निघालं तर असावी म्हणून. दुखणं कुणाचंच निघेना. मग शिंपीकाका तिच्यावरून कापडाचे गठ्ठे आणू लागले, मास्तरीणबाई कुंड्या फिरवू लागल्या आणि फोटोग्राफर तिच्यात गिऱ्हाइकांची बाळं बसवू लागला. एक दिवस ब्रेक तुटला. कुणी तोडला यावर तीन बैठका झाल्या.

चौथ्या बैठकीत सेक्रेटरींनी तोडगा काढला. खुर्ची वाटून टाकायची. प्रत्येकाने आपापला भाग जपायचा, कुणी आजारी पडलं की आणून द्यायचा. शिंपीकाकांना मोठी चाकं, मास्तरीणबाईंना छोटी, फोटोग्राफरला बैठकीसकट सांगाडा, आम्हाला पाय टेकवायच्या फळ्या. नटबोल्ट सेक्रेटरींकडे, कारण पद. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, तेव्हा बाबा चालत होते.

पुढे बाबांचा खुबा झिजला. ऑपरेशनची तारीख आठ महिन्यांनी मिळाली, ती आजची. अकरापर्यंत दाखल व्हायचं, नाहीतर नंबर पुढच्याला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. नऊ वाजता मी खुर्ची गोळा करायला निघालो.

फोटोग्राफरने सांगाडा लगेच दिला. शिंपीकाकांनी एकच चाक काढलं.

"दुसऱ्यावर लेस गुंडाळलीय रे. चारशे मीटर. सोडवायला संध्याकाळ होईल."

मास्तरीणबाई घराला कुलूप लावून शाळेत गेल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "नटबोल्ट तयार आहेत. पण सगळे भाग आल्याशिवाय द्यायचे नाहीत, असा ठराव आहे. तूच हात वर केला होतास."

"मग बाबांना उचलून नेऊ ना. आपण चौघं पुरे," मी म्हणालो.

"मी सांगाडा दिला की," फोटोग्राफर म्हणाला. "माझ्या वाट्याचं झालं."

"मी चाक दिलं, आता खांदाही द्यायचा?" शिंपीकाका म्हणाले. "मीच काय घोडं मारलंय?"

सेक्रेटरींनी फक्त घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते.

मी बाबांना पाठीवर घेतलं. ते पंच्याऐंशी किलो, मी बावन्न. अकराव्या पायरीवर माझे गुडघे बसले, मग आम्ही दोघंही बसलो. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला, मग वाजवायचा थांबला. अकरा वाजून पाच मिनिटांनी हॉस्पिटलचा फोन आला. नंबर गेला. पुढचा आठ-नऊ महिन्यांनी. "तोवर पेशंटला जिने चढू देऊ नका," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

"वर जायचं की खाली?" बाबांनी विचारलं. दोन्ही माझ्याच्याने होणार नव्हतं.

दुपारी सेक्रेटरी वही घेऊन आले. जिन्यात बसल्याची तक्रार आली होती. "जिना सगळ्यांचा आहे, बाबासाहेब. असं कुणी अडवायचं नसतं. रविवारी बैठक लावलीय, पायऱ्या वाटून टाकू. एकोणसाठ आहेत. पाचांत भाग जात नाही, चार उरतात, तेवढीच पंचाईत."

"त्या चार मला द्या," बाबा म्हणाले. "इथेच आहे मी."

सेक्रेटरींना ते पटलेलं दिसलं.

"लेखी द्या," ते म्हणाले.

मी बाबांना तिथेच ठेवून वर कागद आणायला गेलो.