ताईच्या पायाचा दोष

मला कधीच न उघडण्यात शेठचा फायदा काय होता, ते आधी पाहू. गाडी अर्धा दिवस गॅरेजमध्ये अडकत नव्हती, हा लहान फायदा. मोठा असा की, गाडीला धक्के बसतात ते थोरल्या बहिणीच्या पायामुळे, हे त्याचं म्हणणं खोटं ठरत नव्हतं. मित्रांनो, बहिणीपेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, या समजुतीचं सुख फार गोड असतं. माणूस ते सहजासहजी सोडत नाही.

मी एक जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मध्यम आकाराच्या एका पिकअप गाडीच्या पोटाखाली, इंजिनाच्या पाठीला पाठ लावून माझा मुक्काम. क्लच दाबा, दांडा ओढा, ही कटकट माझ्याकडे नाही. चालवणाऱ्याने फक्त पाय टाकायचा; गिअर कधी बदलायचा ते मी बघतो. नवा होतो तेव्हा माझ्यातलं ऑइल सरबतासारखं लालचुटुक होतं. विकणारा म्हणाला होता, "याच्या ऑइलकडे बघायचंसुद्धा नाही. आयुष्यभराचं आहे." शेठने ते वाक्य झेललं आणि जपून ठेवलं. सतत ओझं वाहणाऱ्या गाडीचं ऑइल ठरावीक अंतराने बदलावं, असं गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं. ते पुस्तक समोरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून कोरं करकरीत आहे.

बहीणभावाचं काचेचं दुकान होतं. धाकटा कामापेक्षा हुकूम जास्त सोडायचा, म्हणून ताईनेच त्याचं नाव शेठ ठेवलं. तो दुकान ते गोदाम एवढंच गाडी चालवायचा, दहा मिनिटांची फेरी. ताई लोकांच्या घरी काचा बसवायला जायची, तास-दीड तासाच्या अंतरावर. पहिली चार वर्षं माझ्या कौतुकाची गेली. ताई चहाचा काठोकाठ भरलेला पेला समोर ठेवायची आणि म्हणायची, "बघा, थेंब सांडत नाही. शहाणं लेकरू आहे."

पाचव्या वर्षी ऑइल करपलं. थंड असताना मी अजून शहाणाच होतो. पण वीस-पंचवीस मिनिटांनी ऑइल तापलं की माझी पकड सुटायची. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना अंगभर थरथर, आणि मग धाडकन धक्का. मागे उभ्या काचा दात वाजवल्यासारख्या वाजायच्या.

"अगं, पाय हळू टाक की! नांगर धरलायस का?" शेठ म्हणायचा.

"हळूच टाकते. तू एकदा लांबवर चल, मग बोल."

"मग मला कसा नाही बसत धक्का?"

"कारण तू गोदामाच्या पलीकडे जातच नाहीस, शेठ!"

खरं कारण तिने जाता जाता सांगून टाकलं होतं. ऐकणाऱ्याला ते टोमण्यासारखं लागलं, एवढंच. मला ओरडावंसं वाटायचं, पण माझी भाषा एकच, धक्क्याची. आणि मी दिलेला प्रत्येक धक्का तिच्याच नावावर लागत होता. असा संताप तुम्हाला कधी आलाय का, मित्रांनो? साक्ष द्यायला उठावं आणि आपली साक्षच त्या बिचारीवरचा आरोप होऊन बसावी!

सर्व्हिस सेंटरमध्ये एक टायवाला साहेब होता. चालवणाऱ्याच्या पायाच्या सवयी मी लक्षात ठेवतो. ती आठवण तो संगणक जोडून पुसून टाकायचा. मग थंड गाडीने इमारतीला एक चक्कर. "ओके आहे. या मॉडेलला थोडं असतंच, नॉर्मल आहे." असं तीनदा झालं. तिन्ही वेळा गाडी आणायला शेठ गेला, आणि थंड गाडी दुकानात आणून म्हणाला, "बघ! कुठे आहे धक्का?"

मग ती खिडकी आली. इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी ताईने चार महिने खपून रंगीत काच घडवली होती. निळं पाणी, त्यात एकवीस मासे, आणि एक कासव उलट्या दिशेला निघालेलं. मापाची जागा भिंतीत उघडी होती, तिथे तात्पुरतं प्लायवूड ठोकलेलं. ताईने काच लाकडी घोडीवर उभी करून, पाचरी मारून, गोधडीत गुंडाळली.

"आज मी चालवतो," शेठ म्हणाला. "एवढं काम तुझ्या पायावर नाही सोडायचं."

ताईने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "चालव."

वीस मिनिटं शेठ शिट्टी वाजवत होता. पंचविसाव्या मिनिटाला पुलाचा चढ लागला. मी सगळा जीव गोळा केला, खरंच सांगतो. पण करपलेल्या ऑइलला जीव कुठला? थरथरीने पाचर सुटली, धक्क्याने काच घोडीवर आदळली. मोठा आवाज झालाच नाही. बर्फावर कोमट पाणी पडावं तसा, कर्र.

शेठने गाडी कडेला घेतली. पायाकडे बघितलं. स्वतःच्या.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला पहिल्यांदा उघडलं. ऑइल दोन बोटांत चोळून हुंगलं. काळं, जळकं. "कधी बदललं होतं?"

"ते आयुष्यभराचं असतं," शेठ म्हणाला.

"हो, पण कुणाच्या?" मिस्त्री म्हणाला. "धक्का कधी बसतो?"

ताई म्हणाली, "गाडी तापल्यावर. पंचवीस मिनिटांनी, तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना."

"अहो बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. वर्षभर."

"कुणाला?"

शेठ मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

आता माझ्यात नवं ऑइल आहे, गिअर पकडून ठेवणाऱ्या निम्म्या चकत्या बदलल्या आहेत, आणि ताईचा पेला पुन्हा सांडत नाही. म्हणून एवढंच मागणं, मित्रांनो. आमच्यासारख्यांचं ऑइल वेळेवर बदला. आणि कुणाच्या पायाला दोष देण्याआधी, तो माणूस जितका वेळ गाडीत बसतो तितका वेळ त्याच्या शेजारी बसा.

राहता राहिलं, नुकसान भरलं कुणी? विकणाऱ्याचं काही गेलं नाही, टायवाल्याचं तर नाहीच. शेठ म्हणाला, "गाडीच खराब निघाली." म्हणजे त्याचा माफीचा एक शब्दही खर्च झाला नाही. वॉर्डातली मुलं आणखी चार महिने प्लायवूड बघणार. आणि ताई पुन्हा पहिल्या माशापासून काच कापायला बसली आहे.

कासवासाठी या वेळी तिने माझ्या नव्या ऑइलचा लाल रंग निवडला आहे.